वजनाचा दिवस

या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा नंदाचं प्रकरण गाळायचं हे मनाशी पक्कं होतं. तालमीविषयी लिहिलं, शाळेविषयी लिहिलं, आबांच्या सायकलीवर पानंच्या पानं लिहिली. वाचणाऱ्याला वाटावं, मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत आई, आबा आणि मी असे तिघंच राहत होतो. माझ्या मुलाने कागद वाचून विचारलंही, "बाबा, नंदाआत्याचं यात काहीच कसं नाही?" मी म्हणालो, तिचं वेगळं लिहायचंय. ती थाप होती. गेली कित्येक वर्षं मी या एका गोष्टीच्या कडेकडेने चालत आलो आहे. विषय निघाला की उठून पाणी प्यायला जातो, नाहीतर बातम्या लावतो. आता आई नाही, आबा नाहीत, सामंत बाईही नाहीत. हे वाचून लाज वाटावी असा मी एकटाच उरलो आहे.

आमच्या घराला लागून मिरची कांडप होतं. लोखंडी मुसळं वर जायची आणि खाली यायची, धप धप, धप धप. चटणीच्या दिवसांत तर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. बायका डोक्यावर पोती घेऊन रांगेत बसायच्या, भाजलेल्या मिरच्या, धणे, खोबरं यांचा वास भिंतीतून झिरपायचा. गल्लीत नवा माणूस शिरला की कोपऱ्यावरच शिंकायला लागायचा आणि कांडपवाल्या काकी आतून ओरडायच्या, "पावणं आलं वाटतं!" आम्हाला त्याचं काही वाटत नसे. खोकला हा आमच्या घरात आजार नव्हता, तो शेजार होता. रात्री अंथरुणावर कुणी ठसकलं तर दुसरा झोपेतच म्हणायचा, "आज ब्याडगी कुटली."

नंदा आमच्याकडे आली तेव्हा जेमतेम शाळेत घालायच्या वयाची होती. गारगोटीकडच्या एका वाडीतली. आई बाळंतपणात गेलेली, बाप कुठे गेला कुणालाच ठाऊक नाही, आणि चुलत्यांनी आणून शहरातल्या बालगृहात सोडलेली. सरकारने त्या सुमारास एक योजना काढली होती. बालगृहातल्या मुलांना मोठ्या दालनात वाढवण्याऐवजी एखाद्या घरात ठेवायचं. दत्तक नव्हे. मूल सरकारचंच, घर आपलं. त्याच्या खाण्यापिण्यासाठी महिन्याला थोडी रक्कम मिळायची आणि खात्याचं माणूस येऊन बघून जायचं. आबा बावड्याला साखर कारखान्यात फिटर होते, त्यांच्या खात्यातल्या कुणीतरी हे सांगितलं. माझ्या पाठची मुलगी अंगावर पीत असतानाच गेली होती आणि त्यानंतर आईला मूल झालं नव्हतं. आबांनी गोष्ट काढली तेव्हा आई भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपली.

नंदाला घेऊन आल्या त्या सामंत बाई. परिवीक्षा अधिकारी, असा त्यांचा हुद्दा होता, पण गल्लीने त्यांना "सरकारी बाई" केलं. चाळिशीच्या, बारीक, खांद्याला कापडी पिशवी, हातात छत्री. त्या दारातच शिंकायला लागल्या त्या पाणी पिईपर्यंत थांबल्या नाहीत. मग डोळे पुसत हसल्या आणि आईला म्हणाल्या, "हिला तिखट जरा बेतानं घाला, वहिनी." नंदा आईच्या पदराकडे बघत नव्हती, आबांकडे बघत नव्हती. मी कोपऱ्यात बैठका मारत होतो, तिकडे बघत होती. बाई गेल्यावर तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं : "ह्यो सारखा उठतोय आन् बसतोय कशाला?"

मला तेव्हा मिसरूड फुटलेलं. कॉलेजात नाव होतं, पण जीव तालमीत. आबांच्या पगारातला मोठा वाटा माझ्या खुराकावर जायचा : दूध, केळी, भिजवलेले हरभरे, खारीक. नंदा आल्यावर आईने माझ्या दुधाचा तांब्या न बोलता दोन ठिकाणी ओतायला सुरुवात केली. मी कुरकुर केली नाही, हे मला माझ्या बाजूने लिहायचं आहे. पुढे माझ्या बाजूने लिहिण्यासारखं फार काही नाही. पहाटे मी जोर मारायला लागलो की नंदा येऊन माझ्या पाठीवर मांडी घालून बसायची. मी खाली गेलो की ती खाली, मी वर आलो की ती वर. मोजायची, पण तिला वीसच्या पुढचं येत नव्हतं, म्हणून वीस झाले की पुन्हा एकपासून. "किती झालं गं?" असं मी दमून विचारलं की म्हणायची, "ईस." मग आबा अंथरुणातूनच हसायचे : "आरं, ह्या पोरीच्या हिशेबानं तू जन्मभर ईसच मारणार!"

सामंत बाई सांगून येत नसत. तेच त्यांचं काम होतं, हे आज कळतं. आल्या की नंदाची नखं बघायच्या, केस बघायच्या, तिचं अंथरूण कुठलं ते विचारायच्या, आणि बोलता बोलता चुलीपाशी जाऊन भांड्यांची झाकणं उचलायच्या. आईला हे फार लागायचं. त्या गेल्या की ती भांडी आपटायची. "माझ्या घरात यिऊन माझ्या आमटीत डोकावत्यात! मी काय पोरीला उपाशी ठेवतो व्हय?" आबा म्हणायचे, "आगं, सरकारचं मूल हाय. त्यांना बघाय नको?" त्यावर आई म्हणायची, "सरकारनं आंघूळ घातली व्हय हिला? सरकारनं उवा काढल्या?" गल्लीतही कुजबूज होतीच. पैसे मिळतात म्हणून पोर आणलंय, असं नळावर एकीने आईला ऐकवलं होतं. आईने तिथल्या तिथे तिची घागर उपडी केली. त्या दिवसापासून नंदाच्या अंगावर कधी विटका फ्रॉक दिसला नाही.

दर थोड्या महिन्यांनी नंदाला सरकारी दवाखान्यात वजनाला न्यावं लागायचं. घरच्या भेटीत जे डोळ्यांना दिसत नाही ते काट्यावर दिसतं, असं बाईंचं म्हणणं. आईला घर सोडवत नसे आणि आबा कामावर, म्हणून मी न्यायचो. नंदाला तो सण वाटायचा. केसांना रिबिनी, पायांत चपला, माझं बोट. पहिल्या वर्षी तिचं वजन असं वाढत गेलं की बाईंनी दवाखान्यातल्या नर्सला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "यांच्या घरी ठेवलीय. पैलवानाचं घर आहे." मी छाती काढून उभा राहिलो होतो.

मग खालच्या गल्लीतली गोष्ट घडली. तिथे एका शिंप्याच्या घरी असाच एक मुलगा ठेवला होता. एका सकाळी बाई आल्या आणि त्याला घेऊन गेल्या. शिंप्याची बायको उंबऱ्यावर बसून मोठ्याने रडत होती, सगळी पेठ गोळा झाली होती. कारण कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येकाकडे एक होतं. कांडपवाल्या काकींनी आईला सांगितलं, "पोरगं वाळलं हुतं म्हनं. वजन उतरलं की सरकार उचलतंय." आई त्या संध्याकाळी जेवली नाही. नंदाला मांडीत घेऊन बसली आणि एका हाताने तिचे दंड चाचपत राहिली. मला म्हणाली, "सदा, हिला न्यायची न्हाईत न्हवं रं?" मी म्हणालो, "कोण नेतंय? मी हाय की." हे वाक्य मी पुष्कळदा आठवलं आहे.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाला नंदा खोकायला लागली. चटणीचे दिवस. आम्ही सगळेच खोकत होतो. संध्याकाळी तिचं अंग जरा कोमट लागायचं. ऊन लागलं असेल म्हणून आई कांद्याचा रस तळव्यांना चोळायची. भाकरीचा कोर ताटात राहू लागला. आणि ती वाकेनाशी झाली. खाली पडलेला बांगडीचा तुकडा उचलायचा असेल तर पाठ सरळ ठेवून, गुडघ्यावर हात देऊन, म्हाताऱ्या बाईसारखी उकिडवी बसायची आणि तशीच उठायची. मी तिची नक्कल करायचो. ती हसायची नाही, मीच हसायचो. माणूस कुठल्या पायावर भार टाकतो, कुठला खांदा वाचवतो, हे बघायला वस्तादांनी मला शिकवलं होतं. समोरच्या गड्याचं दुखणं मी आखाड्याच्या या कडेवरून ओळखायचो. घरातलं ओळखलं नाही. पण खरं सांगायचं तर हेही पूर्ण खरं नाही, कारण एक गोष्ट मला नक्की कळली होती. पहाटे ती पाठीवर बसली की मला कळायचं, ती हलकी झाली आहे. दुसऱ्या कुणालाही कळण्याआधी, काट्याच्याही आधी, माझ्या पाठीला कळलं होतं. नंतर ती पाठीवर बसायचीच बंद झाली. "आज नगो, दादा," म्हणायची आणि भिंतीला टेकून मोजायची.

त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत मला वजनगटात उतरायचं होतं. मातीतल्या कुस्तीत वजन कुणी बघत नाही, जोड डोळ्यांनी लावतात. पण स्पर्धेत काट्यावर उभं राहावं लागतं. माझ्या गटात आमच्याच तालमीचा एक गडी होता, म्हणून वस्तादांना मला वरच्या गटात घालायचं होतं आणि मी थोडा कमी भरत होतो. वस्ताद म्हणाले, "तांब्याभर पाणी ढोस आन् केळी हाण. काट्याला काय कळतंय, मांस हाय का पाणी हाय?" मी तसं केलं आणि भरलो. सगळे हसले. तालमीत ही काही लबाडी समजली जात नसे. काटा हा पंचांच्या बाजूचा, त्याला जरा फसवलं तर काय बिघडलं, असंच सगळ्यांचं होतं.

नंदाचा वजनाचा दिवस त्यानंतर लगेच आला. वाटेत मी तिला केळी घेऊन दिली. तिला एकच हवं होतं, मी आग्रह करून आणखी चारली. दवाखान्याच्या नळावर ओंजळ धरून पाणी पाजलं. "आजून? कशाला?" "पी गं. ऊन हाय." काट्यावर ती मागच्या वेळेपेक्षा किंचित जास्तच भरली. बाईंचा चेहरा उजळला. मी घरी येऊन आईला सांगितलं, "वाढलंय." आईने देवापुढे साखर ठेवली. पाण्याचं मी तिला सांगितलं नाही. तिला वाटलं पोरगी भरते आहे, त्यामुळे जी काळजी तिने केली असती तीही तिने केली नाही. मी सरकारला फसवायला गेलो आणि आईला फसवून बसलो.

पुढच्या खेपेला नंदाला चालायचा कंटाळा येत होता, म्हणून निम्मी वाट मी तिला कडेवर घेतलं. तेव्हाच मनात आकडा आला. आज नुसत्या केळ्यांनी भागणार नव्हतं. घरून निघतानाच ताक पाजलं होतं, वाटेत उसाचा रस पाजला, आणि दवाखान्याच्या मागच्या नळाशी तिला उभं केलं. थोडं पाणी प्यायल्यावर तिने तोंड फिरवलं.

"बास, दादा. पोट दुखतंय."

"आजून थोडं."

"न्हाय जात."

"पी म्हणतो न्हवं? न्हाय प्यालीस तर बाई आज घरी सोडायच्या न्हाईत. बालगृहात ऱ्हावं लागंल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी नळाची तोटी धरली आणि पीत राहिली. पाणी नाकातून येत होतं तरी पीत राहिली. मी आजूबाजूला कुणी बघत नाही ना, ते बघत होतो.

वजनाच्या खोलीत रांग होती. नंदा पाय आवळून उभी होती. बाई तिच्याशी शाळेचं काहीतरी बोलत होत्या, ती मान हलवत होती आणि माझ्याकडे बघत होती. तिचा नंबर आला. ती काट्यावर चढली, नर्सने दांडीवरचं वजन सरकवलं, दांडी वर गेली, खाली आली, स्थिरावली. नर्सने आकडा सांगितला. आणि त्याच वेळी नंदाच्या पायांतून काट्याच्या पत्र्यावर पाणी पडायला लागलं. थांबेना. नर्स ओरडली, "अगं ए! घाण केलीस सगळी!" मागच्या बायका हसल्या. सामंत बाई खाली बसल्या, स्वतःच्या रुमालाने तिचे पाय पुसले आणि म्हणाल्या, "घाबरलीस होय? काही नाही होत." मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं. "सदाशिव, वजन तर उतरत नाही. पण तिचे हात बघितलेस? मला हे जुळत नाही. जेवते ना नीट?"

"जेवते की. दीड भाकरी खाते."

"खोकताना दिसली मला."

"शेजारी कांडप हाय न्हवं, बाई. आमी सगळीच खोकतो. तुमी नव्हता शिंकला?"

त्या हसल्या. मी त्यांना हसवलं. हसल्यावर माणसाची शंका पातळ होते, हे मला त्या वयातही ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या घराचं उदाहरण मी सगळीकडे देते रे. आईंना सांग, पुढच्या आठवड्यात मी येते आणि हिला डॉक्टरांना दाखवूनच टाकते. मनात किंतु नको."

मी आईला सांगितलं नाही. आणि पुढचा आठवडा यायच्या आत एका सकाळी नंदा उंबऱ्यावर बसली होती, आईने न्याहारीला हाक मारली, आणि ती म्हणाली, "माझं पाय उठंनात."

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला पालथं झोपवून पाठीच्या मणक्यांवरून अंगठा फिरवला. एका जागी ती अशी किंचाळली की बाहेर आबा भिंतीला धरून उभे राहिले. क्षय होता. छातीतून मणक्यात उतरला होता. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायचं होतं. वजन घटायला लागल्यावर तरी कळायला हवं होतं." आई म्हणाली, "घटलं कुठं, सायेब? वाढतंय की. बाईंनी लिवून ठेवलंय." डॉक्टरांनी नंदाचा दंड दोन बोटांत धरून आम्हाला दाखवला. "हिचं वजन वाढलंय असं लिहिणारा माणूस एकतर आंधळा असला पाहिजे, नाहीतर खोटारडा."

त्या संध्याकाळी मी आबांना सगळं सांगितलं. पंचगंगेच्या घाटावर नेऊन सांगितलं, कारण घरात सांगायची हिंमत नव्हती. ते माझ्यावर हात उचलतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "सरकारचं मूल हाय, सदा. पोलीस केस व्हईल. तुझं कालीज, तालीम, समदं जाईल." आणि उठताना म्हणाले, "आईला कळता कामा न्हाई. कुणी इचारलं तर इचारलं तेवढंच सांगायचं."

चौकशीला पुण्याहून साहेब आले. कचेरीच्या वरच्या मजल्यावर, लाकडी जिन्याने जावं लागायचं. बाहेरच्या बाकावर मी आणि आबा बसलो होतो. दार उघडंच होतं. आत सामंत बाई उभ्या होत्या; त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती, की त्या बसल्या नव्हत्या, माहीत नाही. साहेबांचं म्हणणं एवढंच होतं की मुलीची हाडं दिसत असताना आकडा चढता कसा? वजन न करताच आकडे भरले असणार. नर्सला विचारलं तर ती म्हणाली, दिवसाला एवढी पोरं येतात, मला एकेक आठवत नाही. बाई परत परत सांगत होत्या, "मी दर वेळी समोर उभी होते, सर." मग त्या असं काही बोलल्या की मी बाकावर ताठ झालो. "मला आकडे चढवून काय मिळणार होतं? वजन उतरलं असतं तर मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. औषध फुकट आहे, दुधासाठी वेगळी मदत मिळते. त्याचसाठी तर वजन करतो."

साहेबांनी विचारलं, "उतरल्यावर मूल काढून घेत नाही?"

"आजारी पडलं म्हणून कुणी घरातून मूल काढतं का, सर?"

"मंगळवार पेठेतलाच एक मुलगा काढला होता तुम्ही."

"त्याचा सख्खा मामा आला होता न्यायला."

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. काढून नेणार, काढून नेणार, म्हणून ज्या भीतीने मी त्या पोरीच्या नाकातोंडात पाणी घातलं ती भीती कांडपावरच्या गप्पांतून उठलेली होती. बाईंना एकदा विचारलं असतं तर त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं असतं. त्या झाकणं उघडायच्या म्हणून आम्ही त्यांना धाड समजलो. त्या मदत होत्या.

मला आत बोलावलं. साहेब सौम्य होते. म्हणाले, "घाबरू नकोस. मुलीला वजनाला तू न्यायचास?" मी हो म्हणालो. "मग सांग, तिला खरंच काट्यावर उभं करायचे का?" बाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव होता. आता हा सांगेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. मी तिथे होतो, मी पाहिलं होतं, त्या खाली बसून पाय पुसत होत्या तेही पाहिलं होतं. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण "हो" म्हटल्यावर पुढचा प्रश्न येणार होता, की मग आकडा चढला कसा.

मी म्हणालो, "मी भायेर थांबायचो. मला म्हाईत न्हाई."

बाई चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या आणि पुसतच राहिल्या.

त्यांना कामावरून कमी केलं नाही, पण दूर कुठेतरी कारकुनी टेबलावर पाठवलं. मुलांच्या कामावर पुन्हा घेतलं नाही. जाण्याआधी त्या एकदा आमच्या घरी आल्या. मी मागच्या खोलीत होतो. आवाज ऐकला आणि तिथेच थांबलो. आई त्यांना या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. दारातूनच त्या म्हणाल्या, "वहिनी, नंदाला मिरजेला हलवलंय. रविवारी भेटू देतात. ती तुमच्या हातची भाकरी मागते. नेऊन द्या, मी तिथं सांगून ठेवलंय." आई म्हणाली, "आता आलाय व्हय काळजी करायला?" मग छत्री उघडल्याचा आवाज झाला. बाईंना एव्हाना कळलं असेल का? मला वाटतं, त्या चष्मा पुसत होत्या तेव्हाच कळलं होतं. पुढे त्या बेळगावला भावाकडे राहायच्या, तिथेच वारल्या, असं मला कुणीतरी सहज बोलता बोलता सांगितलं. बेळगाव इथून काही लांब नाही. दोन-तीन तासांची गाडी.

नंदा जगली. पाय सुटले, पण पाठीला बाक राहिला तो कायमचा. मिरजेहून तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत पाठवलं; आमच्या घरी परत दिली नाही. आई रविवारी मिरजेला जात होती तेही मग संपलं. बऱ्याच वर्षांनी, स्वतःचं लग्न ठरल्यावर, ती विचारत विचारत मंगळवार पेठेत आली. कांडप तोवर बंद पडलं होतं. दारात उभी राहून म्हणाली, "दादा, वळखलंस का?" आई तेव्हा होती. त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मी चहा ठेवायला आत गेलो. तेव्हापासून आमचं घर तिचं माहेर आहे. गारगोटीला तिचं शिवणकाम चालतं, नवरा सज्जन आहे, एक मुलगी. आई गेल्यावर भाऊबीजेला मीच तिच्याकडे जातो. पाण्याचं, काट्याचं तिला काही आठवतं का, मला माहीत नाही; बाईंविषयी ती बोलते ते आईने सांगितलेलं. विचारायचं धाडस झालेलं नाही. आपण सांगितलं तर तिचं माहेर तुटेल, असं मी स्वतःला समजावत आलो. खरं म्हणजे तुटलं असतं ते माझं.

गेल्या दिवाळीला गेलो तेव्हा घरात आनंद होता. तिची मुलगी शुभांगी बालकल्याण खात्यात लागली होती. घरोघरी ठेवलेल्या मुलांकडे जाऊन बघायचं काम, तेच. नंदा ओवाळायचं ताट करत होती आणि लेकीला बजावत होती, "मोजल्याबिगर एक आकडा लिवू नगंस, सांगून ठेवतो. त्या सामंत बाईनं लिवलं म्हणून माझी ही गत झाली. देव तिला बघून घेईल."

"आई, गेल्या ना त्या आता."

"गेली तर गेली. पाठ माझी वाकडी हाय, तिची न्हाय."

शुभांगी माझ्याकडे वळली. हुशार पोरगी आहे, खात्यात जाऊन आल्यापासून तिला कशाची तरी शंका असावी. "मामा, तुम्ही तर तिथंच असायचा की. खरंच काट्यावर उभं करत नव्हत्या का हो आईला?"

नंदाने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. तिचा हात वर येताना पाठ आडवी येते, म्हणून मी नेहमी मान खाली घालतो. मान खालीच ठेवून मी म्हणालो, "लई वर्षं झाली गं. न्हाय आठवत."

निरांजन माझ्यापुढून फिरलं. बाईंनी दर वेळी वजन केलं होतं, नंदा. काट्यावर खोटं चढलं ते मी चढवलं होतं, नळाला तुझं तोंड मी लावलं होतं, आणि विचारल्यावर मी माहीत नाही म्हणालो. तू बाईंना शिव्या देऊ नकोस, मला दे, आणि जमलं तर मला माफ कर. एवढं मला म्हणायचं होतं. नंदाने ताटात लाडू वाढले आणि मी म्हणालो, "दोन नको, एकच घाल."